कुळाच्या वाटा

व्हाकोआ, मॉरिशस
३ फेब्रुवारी २०२४

माननीय सरपंच, खडकेवाडी, यांस
विनम्र अभिवादन.

हिंदी महासागरातील एका बेटावरून आपल्या गावाला पत्र आलेले पाहून आपण चकित व्हाल. मी देवयानी वोयजी. वय चौसष्ट. येथील प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झाले. आम्ही घरात क्रेओल बोलतो, कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये वाचतो आणि देवाशी मात्र मराठीत बोलतो. त्याला व्याकरणाच्या चुका चालतात. मला चालत नाहीत.

इंग्रजांनी आपल्या मुलखातून पुष्कळ माणसे येथे उसाच्या मळ्यांवर राबायला आणली. त्यांपैकी एक माझे खापरपणजोबा. जुन्या दप्तरात त्यांची नोंद मला नुकतीच सापडली. नाव वोयजी, बापाचे नाव गन्नू, वय बावीस, डाव्या भुवईवर व्रण, गाव खडकेवाडी, जिल्हा सातारा, सन १८५६.

आमच्या घरात असे सांगतात की ते साताऱ्याच्या दरबारी सरदार होते. गादी गेल्यावर इंग्रजांची चाकरी नको म्हणून त्यांनी समुद्र ओलांडला. तलवार जहाजात हरवली. माझ्या भावाची नात यश्ना माझ्याजवळ राहते. ती म्हणते, "आजी, चाकरी नको म्हणून कोणी इंग्रजांच्याच जहाजात बसेल का?" आजकालच्या मुलांना श्रद्धा नाही. तिने वोयजी या शब्दाचा अर्थ चार भाषांच्या कोशांत शोधला आणि जाहीर केले की आपले नाव निरर्थक आहे.

म्हणून हा खटाटोप. मी आमच्या कुळाच्या वाटा शोधते आहे. त्या खडकेवाडीतच आहेत असा माझा दृढ विश्वास आहे. आयुष्य संपण्यापूर्वी त्या मला मिळाव्यात, एवढीच इच्छा. सर्व कागदपत्रे माझ्याजवळ तयार आहेत.

आपली नम्र,
देवयानी वोयजी


खडकेवाडी, ता. कराड
९ मार्च २०२४

देवयानीबाई यांस सयाजी जगदाळे याचा नमस्कार, विनंती विशेष.

तुमचं पत्र सरपंचांनी माझ्याकडं दिलं. मी फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर झालो. नोकरीत असताना शांतिसेनेतनं वरीसभर काँगोला व्हतो. सरपंच म्हणाले, हे आफ्रिकेकडचं प्रकरण हाय, तुमीच निस्तरा. मी बोलतो तसंच लिवतो, समजून घ्या.

तुमी कुळाचा वाटा मागितला. कागदं तयार हायेत असंबी लिवलंय. तर बाई, साफ सांगतो. आमच्या गावाच्या नावातच खडक हाय. पाऊस न्हाई, पाणी न्हाई. टँकर आला तर आंघोळ, न्हाई तर तोंडावर हात फिरवायचा. जमिनीत कुसळसुदीक उगवत न्हाई. असल्या मातीत वाटा मागून तुमच्या पदरात धोंडंच पडतील.

दुसरं म्हंजे, आमच्या घराण्यातनं कोणी कवा बेटाबिटावर गेलंच न्हाई. आणि जो गेला त्यो जाताना बैल घेऊन गेला. बैल दोघा भावांचा व्हता. म्हंजे त्याचा वाटा त्यानं तवाच उचलला, विषय संपला.

सरदार-बिरदार आमच्यात कोणी झालं न्हाई. तुमचा पत्ता चुकला आसंल. साताऱ्यात वाड्या लय हायेत.

कळावे. उत्तर दिलं न्हाई तरी चालंल.

सयाजी जगदाळे
सुभेदार (निवृत्त)


व्हाकोआ
१२ एप्रिल २०२४

आदरणीय सयाजीराव,

आपले पत्र मी उभ्याने वाचले आणि मग खुर्ची शोधली. आपण एकाच परिच्छेदात लिहिता की कोणी गेले नाही, आणि जो गेला तो बैल घेऊन गेला. छत्तीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्यामुळे मला अशी वाक्ये ओळखता येतात. कोणीतरी गेले होते! कोण? कोणता बैल? कृपा करून सविस्तर लिहावे.

"वाटा उचलला" हा आपल्याकडील वाक्प्रचार असावा. मी तो वहीत टिपून ठेवला आहे.

आपल्या गावातील दुष्काळाचे वर्णन वाचून मात्र घास गिळवेना. मी आमच्या महिला मंडळात पत्राचा तो भाग वाचून दाखवला. दोघींनी डोळे पुसले. आंघोळीऐवजी तोंडावर हात फिरवणारे आपले बांधव आणि आम्ही येथे चहात तीन तीन चमचे साखर घालतो! म्हणून सोबत चार किलो साखर पाठवत आहोत. आमच्या बेटावरची खास तपकिरी साखर आहे. आपल्या घरातल्या लेकराबाळांच्या तोंडी पडावी. नाकारू नये.

येथे उसाखेरीज काही नव्हते. आमच्या चार पिढ्यांनी ऊस तोडला. माझ्या वडिलांनी कोयता टाकला तो मला शाळेत घालण्यासाठी. आता मळे कमी होत चालले आहेत, त्या जागी बंगले उठतात. तुम्हाला ऊस कसा असतो हे पाहायचे असेल तर फोटो पाठवीन.

यश्ना दंतवैद्य झाली आहे. आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना थाटते आहे. दारावरच्या पाटीत आडनावाचा अर्थही लिहावा असा माझा आग्रह आहे. तेव्हा त्वरा करावी.

देवयानी वोयजी


खडकेवाडी
२३ मे २०२४

देवयानीआक्का,

साखर पोचली. पार्सल फोडलं तवा घरात पाव्हणं बसलं व्हतं. चार किलो साखर, आणि दारापुढं आमचा सात एकर ऊस उभा. पाव्हणं उसाकडं बघायचं, साखरेकडं बघायचं आणि मग माझ्याकडं बघायचं.

आक्का, मी खोटं लिवलं. आमच्या शिवाराला बारमाही पाणी हाय. टँकर मी जतला मेव्हण्याच्या गावात बघितला व्हता, त्यो उचलून पत्रात घातला. तुमी दीडशे वर्सांनी जमिनीत हिस्सा मागायला निघालाय असं मला वाटलं. भावकीत चार बैठका झाल्या. एक जण तर वकिलाला विचारून आला.

आमची मंडळी बनुबाई म्हणाली, "उपाशी समजून ज्या बाईनं समुद्रापल्याडनं साखर धाडली, तिला तुमी खडक दावला." दोन दिवस मला चहा बिनसाखरेचा मिळाला. मग तिनं सुनेला फोन लावला. सून संयोगिता सांगलीला विश्रामबागच्या कॉलेजात मराठी शिकवती. रविवारी ती घरी आली, पत्र वाचलं आणि तोंडाला पदर लावून आत गेली. बाहेर आल्यावर म्हणाली, "मामा, वाटा म्हणजे रस्ते. एक वाट, अनेक वाटा. आणि कूळ म्हणजे घराणं, कूळकायद्यातलं कूळ नव्हे." तुमच्या मराठीत खोट न्हाई. आमच्याच डोक्यात सातबारा बसलाय.

आता तुमच्या माणसाचं. त्याचं नाव येसू. गणोजी जगदाळ्याची दोन पोरं, थोरला धोंडी आणि धाकटा येसू. आमी धोंडीचं. पाखऱ्या नावाचा बैल दोघांत व्हता. येसू त्यो कराडच्या बाजारात इकायला घेऊन गेला आणि परत आलाच न्हाई. मुंबैच्या एका मुकादमासंगं घाट उतरताना कोणी बघितला म्हणत्यात. बैलाचं काय झालं ठाऊक न्हाई. आजबी आमच्यात कोणी बाजारातनं उशिरा आला की म्हणत्यात, "येसू झालास व्हय रं?" भुवईवरची खूण म्हणाल तर ती पाखऱ्याच्याच शिंगाची.

म्हंजे त्यो सरदार नव्हता, आक्का. घोडा न्हाई, तलवार न्हाई. ज्या बैलासंगं गेला, त्योबी अर्धा धोंडीचा.

आणि नावाचं कोडं बनुबाईनं सोडवलं. तिला वाचता येतं, पण एक एक अक्षर लावून. पाकिटामागचं तुमचं नाव ती मोठ्यानं लावत बसली. वो, य, जी. मग थांबली आणि म्हणाली, "आवं, हे नाव न्हाई. ही ओ हाय."

आमच्यात कोणी हाक मारली की आमी "व्हय जी" म्हणून ओ देतो. साहेबानं इचारलं आसंल, तू गन्नूचा पोरगा का? हा म्हणाला, व्हय जी. त्यानं तेच लिवलं. संयोगिताबी म्हणाली, असंच झालं असणार.

कोडं सुटलं म्हणून आमी सगळ्यांनी तुमच्या साखरेचा शिरा केला. रंग काळा आला, पण वास ताज्या काकवीचा.

तुमचा बंधू,
सयाजी


खडकेवाडी
१९ ऑगस्ट २०२४

देवयानीआक्का,

तीन महिनं झालं, तुमचं उत्तर न्हाई. पोस्टमन आता मला बघितलं की लांबूनच हात हलवतो. आमचं काय चुकलं आसंल तर लिवा. बनुबाई रोज इचारती. तिचं म्हणणं, तुमी सरळ बोलायच्या नादात बाईचा सरदार मारलात.

सयाजी


व्हाकोआ
१४ ऑक्टोबर २०२४

सयाजीदादा,

बनुवहिनींचे म्हणणे बरोबर आहे.

तुमचे मेचे पत्र मी आधी न वाचताच मंडळात मोठ्याने वाचायला घेतले. एवढ्या आनंदात होते. "व्हय जी" पर्यंत आले आणि कागद खाली ठेवला. पुढचे शेजारच्या बाईने वाचून पूर्ण केले. सगळ्या हसल्या. कुचेष्टेने नव्हे, पण हसल्या. घरी येऊन मी यश्नाला सांगितले. तीही हसली. मग म्हणाली, "म्हणजे शाळेत बाई हजेरी घेताना रोज मला 'होय साहेब' म्हणून हाक मारत होत्या."

दादा, आम्ही एकशे अडुसष्ट वर्षे मान तुकवल्याचा शब्द दारावर मिरवत होतो. माझ्या सेवानिवृत्तीच्या मानपत्रावर तो सोनेरी अक्षरांत आहे.

मी हट्टाने पुन्हा दप्तरखान्यात गेले. सरदारकीचा काही पुरावा मिळेल म्हणून आठ दिवस जुनी पाने चाळली. मिळाले ते उलटेच. या माणसाला तीन वेळा तुरुंगवास झालेला आहे. दर वेळी चौदा दिवस. कारण "काम नाकारले". सरदार तर नाहीच, वर गुन्हेगार. हे मी मंडळात सांगितलेले नाही. तुम्हीही कोणाला सांगू नये.

यश्नाची पाटी अडली आहे. रंगारी दोनदा येऊन गेला. ती म्हणते, या नावाने दवाखाना उघडणार नाही. येथे आडनाव बदलता येते, अर्ज करावा लागतो. आमचे खरे आडनाव जगदाळे; येसूपासून आमच्या पिढ्यांची नावे सोबतच्या कागदावर आहेत. तुमची व तुमच्या भावकीची हरकत नसेल तर आम्ही दोघी ते लावू इच्छितो. जमिनीवर कसलाही हक्क सांगणार नाही असे लिहून देते. हे वाक्य यश्नाच्या सांगण्यावरून घातले आहे.

गणपतीत तुमच्या घरासाठी एक दूर्वा जास्त वाहिली.

देवयानी


खडकेवाडी
२५ नोव्हेंबर २०२४

देवयानीआक्का,

भावकीची बैठक घेतली. हरकत कोणाचीच न्हाई. जगदाळे नाव खुशाल लावा, ते तुमचंच हाय. लिहून-बिहून द्यायचं न्हाई. मला लाज वाटती.

पण दोन-तीन गोष्टी बोलतो. थोरल्या भावाचं घर म्हणून बोलतो.

पहिली. व्हय जी म्हंजे मान तुकवणं, हे तुमाला कोणी सांगितलं? आमी आईला व्हय जी म्हणतो. देवळात गुरवाला म्हणतो. बनुबाई मला शेताकडं हाक मारती तवाबी मी व्हय जी म्हणतो, आणि तिच्यापुढं मान तुकवतो का न्हाई ते सोडा. हाक मारणाऱ्याला कळवायचं असतं की मी हितं हाय, एवढंच. बावीस वर्साचं पोरगं. समोर टोपीवाला, कोणती बोली बोलतोय ते कळंना. ते म्हणालं, मी हितं हाय.

दुसरी. कारकुनानं नाव बिघडवायचं म्हणाल तर ते तुमच्याकडंच झालं असं न्हाई. माझ्या पेन्शनच्या कागदावर बायकोचं नाव भानुभाई पडलंय. सोळा वर्सं झाली, सरकारदरबारी मी एका गुजराती गड्याचा नवरा हाय. दर साली हयातीचा दाखला द्यायला गेलो की नवा कारकून आधी मला बघतो, मग बनुबाईला बघतो.

तिसरी खरी. तुमी पत्राच्या मधीच कुठंतरी, बारीक अक्षरात, लाजून एक गोष्ट लिवली. तीन वेळा तुरुंग, कारण काम नाकारलं. आक्का, ते पहिल्या ओळीत लिवायचं व्हतं.

मी अठ्ठावीस वर्सं फौज केली. "जी साहेब" किती वेळा म्हणालो आसंन, ते देवाला ठाऊक. "न्हाई" एकदाबी म्हणालो न्हाई. एकदा म्हणायला पायजे व्हतं. त्यो किस्सा मी घरातबी सांगितलेला न्हाई, तुमालाबी सांगत न्हाई. आणि येसू? गाव लांब, भाऊ लांब, परतीची वाट न्हाई. साहेबाचाच मळा, साहेबाचाच तुरुंग. पहिल्या खेपंला न्हाई म्हणाला, चौदा दिवस बसून आला. आल्यावर परत न्हाई म्हणाला. मग तिसऱ्यांदा म्हणाला. तुमी आठ दिवस सरदार धुंडाळला, आणि सापडला तवा गुन्हेगार म्हणून झाकून ठेवला.

मी तुमचा शब्द मोडला. बनुबाईला सांगितलं. तिनं चूल सोडून ते दोनदा ऐकलं.

याच महिन्यात बिरदेव हेळवी येऊन गेला. हेळवी म्हंजे आमच्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारा माणूस. जतच्याबी पलीकडनं येतो, बैलावर बसून. त्याच्या वहीत येसूपुढं इतकी वर्सं एवढंच व्हतं, "बैलासंगं परागंदा." मी त्याला तुमच्या पिढ्या सांगितल्या. त्यानं येसूच्या खाली सगळी नावं लावली, पार यश्नापतोर. मग म्हणाला, यांचं आडनाव काय लिवू? मी म्हणालो, थांब, तिकडनं पत्र येऊ दे. त्यानं जागा मोकळी सोडलीया.

तुमी जे ठरवाल ते आमाला मान्य.

सयाजी


व्हाकोआ
१६ फेब्रुवारी २०२५

सयाजीदादा आणि बनुवहिनी,

तुमचे पत्र मी या वेळी आधी एकटीने वाचले. मग यश्नाला वाचून दाखवले. ती म्हणाली, "त्यांचा तो किस्सा काय असेल?" मी म्हटले, विचारायचा नाही. पण मंडळात जाऊन मी येसूची गोष्ट सांगितली, तुरुंगासकट. या वेळी कोणी हसले नाही. फक्त एका बाईने विचारले की मग तलवारीचे काय. मी सांगितले, तलवार आमच्या आजोबांनी गोष्टीत मागून जोडली असावी. त्यांना फार वर्षे "उसवाल्याचा पोर" म्हणून हिणवले होते. माणूस काहीतरी उभे करणारच.

तरीही अर्ज भरायचे ठरलेले होते. मागच्या गुरुवारी मी पोर्ट लुईच्या कचेरीत गेले. यश्नाला यायला जमले नाही, तिला परीक्षेसारखी भीती वाटत होती असे मला वाटते. लांब रांग होती. माझ्यापुढे एक उंच म्हातारे गृहस्थ होते. आम्ही बोलू लागलो. त्यांचे आडनाव फेव्रिए. फ्रेंचमध्ये फेब्रुवारी. त्यांचा पूर्वज गुलाम होता. मालकाने विकत घेतले तो महिना फेब्रुवारीचा, म्हणून तेच नाव. ते म्हणाले, "मादाम, बरे झाले, सप्टेंबर असता तर सही करताना हात दुखला असता." माझ्यामागे एक चिनी वंशाची मुलगी होती. तिच्या आजोबांचे आडनाव, नाव आणि लाडाचे नाव, तिन्ही एकत्र शिवून एक आडनाव झाले आहे. तिने मोबाइलवर लिहून दाखवले. मी फळ्यावर लिहायला घेतले असते तर खडू संपला असता.

रांग पुढे सरकेपर्यंत अशी सात-आठ नावे झाली. प्रत्येकाकडे एक कारकून होता आणि प्रत्येकजण त्याची नक्कल करून दाखवत होता. मी "व्हय जी" सांगितले. क्रेओलमध्ये समजावून सांगितले, तुम्ही समजावलेत तसे. फेव्रिए यांनी ते दोन-तीनदा म्हणून पाहिले. त्यांना फार आवडले.

माझी पाळी आली. खिडकीमागचा तरुण तमिळ वंशाचा होता. त्याने नवे नाव विचारले. मी स्वच्छ उच्चार केला, जगदाळे. त्याने टंकले आणि पडदा माझ्याकडे फिरवला. तिथे लिहिले होते, जुगडॉली.

"बरोबर आहे ना, मादाम?" त्याने विचारले.

दादा, मी चूक दुरुस्त करणार होते. ती माझी सवयच आहे. ळ कसा उच्चारावा हे त्याला सांगायला मी तोंड उघडले, आणि मागे वळून पाहिले. ते सगळे माझ्याकडेच पाहत होते, त्यांच्या त्या नावांसह. खडकेवाडीत माझे कूळ आहे, आणि ते मला तुमच्यामुळे मिळाले. पण माझे गाव म्हणजे ही रांग, असे मला त्या क्षणी वाटले. जगदाळे होऊन मी तिच्यातून बाहेर पडणार होते.

मी म्हटले, "नाही, बरोबर नाही." आणि अर्ज परत मागून घेतला. मग जेवणाच्या सुट्टीत तो तरुण, फेव्रिए आणि मी कोपऱ्यावरच्या गाडीवर डाळपुरी खाल्ली. त्या तरुणाच्या पणजोबांचे मुरुगेशन कागदावर मूर्गास झाले आहे, आणि त्याला तसेच ठेवायचे आहे.

घरी येऊन यश्नाला कसे सांगावे या काळजीत होते. तर तिने दुपारीच रंगाऱ्याला बोलावून ठेवले होते. "आजी," ती म्हणाली, "मी काल त्या तीन वेळच्या चौदा दिवसांची बेरीज केली. बेचाळीस दिवस. मला त्याचेच नाव हवे आहे. पण इंग्रजी अक्षरांत नको."

यावरून मात्र आमचे भांडण झाले. मी म्हटले, देवनागरीत लिहायचे तर शुद्ध लिहू. "होयजी". ती म्हणाली, येसू होय म्हणाला नव्हता, बनुवहिनी म्हणतात तसे म्हणाला होता. मी व्याकरण सांगितले, प्रमाणभाषा सांगितली. रंगारी शिडीवर उभा राहून क्रेओलमध्ये विचारत होता की या दोन म्हाताऱ्या बायांचे केव्हा आटोपणार. यश्ना चोवीस वर्षांची आहे.

बिरदेव हेळवी पुन्हा येतील तेव्हा त्यांना मोकळ्या जागेत काय लिहायचे ते सांगा. अक्षरे नीट जोडायला सांगा: ह ला व नव्हे, व ला ह जोडायचा, मग य, मग जी. आणि तुम्ही दोघे पासपोर्ट काढा. यश्ना म्हणते, दादांचे दात ती फुकट पाहील.

छत्तीस वर्षे मी मुलांच्या वहीत "व्हय" दिसले की लाल शाईने खोडून वर "होय" लिहीत आले. त्या दिवशी रंगाऱ्याला तो "व्ह" काही जमेना. शेवटी ब्रश मीच घेतला.

तुमची,
देवयानी व्हयजी